राघोजी भांगरे यांचा उठाव जंगलासाठी होता, की वतन आणि सावकारी यांमुळे?

मुठाकाठ (पुणे) – प्रश्न

नमस्कार मंडळी,

आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी मिळून ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनानिमित्त पुण्यात एक छोटे भित्तिप्रदर्शन मांडत आहोत. पुणे, नगर, नाशिक आणि ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यातील आदिवासींनी इंग्रजी राजवटीला जो विरोध केला, तो त्याचा विषय आहे. या विषयावरच्या भाषणांत आणि पुस्तिकांत एक विधान हमखास आढळते: इंग्रजांनी जंगले ताब्यात घेतली, म्हणून रामजी भांगरे, राघोजी भांगरे आणि होनाजी केंगले यांनी शस्त्र उचलले. आमच्या गटातील एका विद्यार्थिनीने त्यावर फार नेमके बोट ठेवले. देशातील पहिला वनकायदा १८६५ चा आहे आणि राघोजी भांगरे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली ती २ मे १८४८ रोजी. जो कायदा त्यांच्या मृत्यूनंतर आला, त्याच्याविरुद्ध ते कसे लढले असतील, असे तिने विचारले.

माझा प्रश्न असा की १८६५ पूर्वीच्या उठावांची कारणे नेमकी काय होती, जंगलाचा प्रश्न त्यांत कुठे बसतो आणि वनकायदे आल्यानंतर विरोधाचे रूप बदलले का? बिरसा मुंडा किंवा सिदो-कान्हू यांच्याविषयी विद्यार्थ्यांना थोडेफार ठाऊक असते. मात्र पुण्याहून दोन-तीन तासांच्या अंतरावरील आंबेगाव, जुन्नर, अकोले या भागांत काय घडले, हे बहुतेकांना माहीत नसते. म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दप्तरवाचक – उत्तर

त्या विद्यार्थिनीचे अभिनंदन करावेसे वाटते, कारण तिने कालक्रम तपासला आणि या विषयात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते त्याकडेच.

१८१८ पूर्वीपासून सुरुवात केल्याशिवाय राघोजी भांगरे समजत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावरील महादेव कोळी घराण्यांकडे नाईकी (डोंगरपट्ट्याचे पुढारपण) होती, डोंगरी किल्ल्यांची राखण होती, घाटवाटांच्या चौक्या होत्या आणि त्या कामाच्या मोबदल्यात रोख नेमणुका, जमिनी व गावांकडून मिळणारे हक्क होते. पुणे दरबाराशी त्यांचे संबंध नेहमी सलोख्याचे होते असे मुळीच नाही. जावजी बांबळे पेशवाईतच दरबाराविरुद्ध उठले होते आणि अखेर दरबाराला त्यांच्याशी समझोता करून डोंगरपट्ट्याचा कारभार त्यांच्याकडे सोपवावा लागला होता. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण 'इंग्रज येईपर्यंत सारे सुखात होते' असे चित्र रंगवले की पुढचा भाग कळेनासा होतो. आपल्या डोंगरात आपला शब्द चालावा, ही त्या घराण्यांची जुनी भूमिका होती. ती पेशव्यांनी कधी मोडून पाहिली आणि कधी मान्य केली.

पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी अनेक डोंगरी किल्ल्यांच्या पायऱ्या व वाटा उडवून किल्ले निकामी केले आणि शिबंदी (किल्ल्यांवरील शिपाई) मोडली. किल्ला गेला म्हणजे राखणदाराची नेमणूक गेली, तिच्याबरोबर गावाकडून मिळणारे हक्क कमी झाले आणि त्या घराण्याचा खोऱ्यातील मानही गेला. सरकारी चाकरीत राहिलेले रामजी भांगरे १८२८-२९ च्या सुमारास उठले, ते या असंतोषातून. तो उठाव कॅप्टन मॅकिंटॉश याने मोडला आणि पुढे त्यानेच महादेव कोळ्यांविषयी विस्तृत वृत्तान्त लिहिला. आपल्यासमोर असलेली बरीचशी माहिती त्याच लेखणीतून उतरली आहे, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे लागते.

१८३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे घोडे (आजचे घोडेगाव) येथे, कोळ्यांच्या एका जमावाने महालकऱ्याच्या (तालुक्याच्या एका भागाच्या महसूल अधिकाऱ्याच्या) खजिन्यावर चाल केली. त्या उठावाच्या पुढाऱ्यांत ब्राह्मणही होते आणि त्यांनी पेशव्यांच्या नावाने कारभार हाती घेतल्याचे जाहीर केले होते. गेलेली सत्ता परत आणावी ही पुढाऱ्यांची आकांक्षा आणि गेलेला हक्क परत मिळावा ही डोंगरातील माणसांची आकांक्षा तिथे एकत्र आली, असे मला वाटते.

राघोजी भांगरे यांचा काळ १८४४ पासूनचा. त्यांच्या हल्ल्यांचे मुख्य लक्ष्य सावकार होते, याबद्दल कागदपत्रांत शंकेला जागा नाही. शेतसारा रोखीत आणि ठरलेल्या तारखेला भरावा लागत असे, त्यासाठी सावकाराकडे जावे लागे. सावकाराच्या हाती रोखा (कर्जाचा लेखी कागद) असे आणि त्या रोख्याच्या पाठीशी आता कंपनी सरकारची दिवाणी अदालत उभी होती. पूर्वी सावकाराला कर्जदाराशी गावाच्या मर्यादेत राहून वागावे लागत असे; आता तो शिपाई घेऊन येऊ लागला. राघोजींची माणसे नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे या चारही जिल्ह्यांच्या सीमा ओलांडत असत, कारण डोंगर एकच होता, जिल्हे मात्र चार होते. जानेवारी १८४८ मध्ये पंढरपुरात ते पकडले गेले आणि मे महिन्यात त्यांना फाशी देण्यात आली.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की १८४८ पर्यंतच्या उठावांची कारणे हिरावलेली नाईकी, बुडालेल्या नेमणुका, रोख सारा आणि सावकारी ही होती. त्यांना वनकायद्याविरुद्धचे लढे म्हणणे कालक्रमाला धरून नाही.

तापीपार (मूळ खानदेश, सध्या पुणे) – उत्तर

वरील विवेचनातील तपशील मान्य आहेत, निष्कर्ष मात्र पूर्णपणे पटत नाही.

पहिली गोष्ट, १८६५ ही तारीख कायद्याची आहे. वनखात्याची मुंबई इलाख्यातील सुरुवात त्याआधीची आहे आणि तिचा धागा पुण्याशी जोडलेला आहे. दापोडीच्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन यांना १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक नेमले गेले. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून, जाळून केल्या जाणाऱ्या कुमरी शेतीला त्यांचा कडक विरोध होता. म्हणजे राघोजी भांगरे पकडले जाण्यापूर्वीच, डोंगरातील शेती ही जंगलाची शत्रू आहे असे मानणारा अधिकारी नेमला गेला होता. मलबारात तर १८०६ मध्येच कंपनीने वनसंरक्षक नेमला होता, कारण इंग्रजी आरमाराला सागवान हवे होते. राघोजींच्या उठावाचे कारण गिब्सन होते असे मी म्हणत नाही. सरकारची नजर जंगलावर पडली, ती १८६५ च्या पुष्कळ आधी, एवढेच सांगतो.

दुसरी गोष्ट आमच्या खानदेशातील. १८१८ नंतर सातपुडा आणि सातमाळा या रांगांतील भिल्लांविरुद्ध इंग्रजांनी काही वर्षे निव्वळ फौज वापरली, गावे जाळली, नाईकांना पकडले आणि तरीही डोंगर शांत झाला नाही. १८२५ मध्ये धोरण बदलले. जेम्स आउट्राम याच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली आणि दुसरीकडे भिल्लांना पठारावर उतरवून जमीन, बैल व तगाई (शेतीसाठी सरकारी कर्ज) देऊन शेतीला लावण्याचे काम सुरू झाले. त्या धोरणामागचा विचार उघड होता: डोंगरात, झाडीत, स्वतःच्या नाईकाच्या हुकमतीखाली राहणारा माणूस सरकारला नको होता. त्याने खाली यावे, सातबाऱ्यासारख्या कागदावर यावे, सारा भरावा. ही जंगलातून माणसे बाहेर काढण्याचीच प्रक्रिया आहे, फक्त तिच्यावर वनखात्याचा शिक्का नव्हता.

१८५७-५८ मध्ये तो असंतोष पुन्हा उसळला. सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईक आणि भीमा नायक यांनी इंग्रजांची वाहतूक अडवली आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. नगर-नाशिकच्या बाजूला भागोजी नाईक यांच्या भिल्लांनी ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोटे येथे लेफ्टनंट हेन्री या पोलिस अधिकाऱ्याला ठार केले आणि त्यानंतर दोन वर्षे ते सापडले नाहीत. तिकडे चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) जंगलात बाबुराव शेडमाके लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. या सर्वांना आसरा जंगलाने दिला, वाटा आणि धान्यही जंगलानेच दिले. जमीन, कर्ज, नोकरी आणि जंगल हे वेगवेगळे रकाने सरकारी दप्तरात होते, डोंगरात राहणाऱ्या माणसाच्या दिवसात ते वेगळे नव्हते. म्हणून कारणांची यादी करून जंगलाला तिच्यातून वगळणे मला योग्य वाटत नाही.

घोडखोरे (आंबेगाव) – उत्तर

मी स्वतः महादेव कोळी समाजातील आहे. नोकरीनिमित्त पिंपरीत राहतो, गाव भीमाशंकरच्या पायथ्याच्या बाजूला आहे. वरच्या दोन्ही उत्तरांत उठावांची हकिगत चांगली आली आहे. पण वनकायद्याने आमच्या घरात नेमके काय अडवले, हे सांगितल्याशिवाय प्रदर्शन पाहणाऱ्याला काहीही कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमच्याकडे भाताचे रोप तयार करायचे तर आधी राब भाजावा लागतो. खाचराच्या एका तुकड्यावर वाळलेले शेण पसरतात, त्यावर ऐनासारख्या झाडांचा वाळवलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा व गवत, आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावतात, म्हणजे जाळ भडकत नाही, राब धुमसत राहतो आणि जमीन खोलवर भाजली जाते. त्यामुळे तणाचे बी मरते, राख खताचे काम करते, माती भुसभुशीत होते. पहिला पाऊस पडला की तिथे भात पेरतात आणि रोप वाढले की आवणी (रोपांची लावणी) करतात. नाचणी-वरईलाही हीच रीत आहे. माझी आजी टहाळ तोडायला जाताना झाडाचा शेंडा कधीही तोडू देत नसे. खालच्या फांद्या घ्यायच्या आणि त्या झाडाला पुढे विश्रांती द्यायची, हा तिचा नियम होता. राबाला टहाळ नसेल तर रोप नाही, रोप नसेल तर आवणी नाही, आणि डोंगरातील माणसाला भात, नाचणी आणि वरई सोडून दुसरे नगदी किंवा पोटाचे पीक फारसे नव्हते.

आता १८७८ चा वनकायदा या चित्रावर ठेवून पाहा. सरकारने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. राखीव जंगलात जे स्पष्टपणे परवानगीत नमूद नाही ते सारे गुन्हा ठरले. टहाळ तोडणे गुन्हा, गुरे चारणे गुन्हा, वाळलेले लाकूड उचलणेही रखवालदाराच्या मर्जीवर. जो माणूस काल आपल्या शेताची तयारी करत होता, तो आज त्याच कामासाठी दंड भरू लागला किंवा दंड टाळण्यासाठी रखवालदाराला कोंबडी आणि तूप देऊ लागला. गुरे कोंडवाड्यात गेली की सोडवायला पैसे लागत आणि पैसे पुन्हा सावकाराकडेच मिळत. म्हणून 'सावकारी की जंगल' असा पर्याय आमच्या खोऱ्याला लागू होत नाही. १८७८ नंतर जंगलाच्या दंडानेच माणूस सावकाराच्या दारात गेला. हिरड्याचेही तसेच झाले. कातडी कमावण्यासाठी हिरड्याला मागणी होती, ती गोळा करणारे हात आमचे, पण जंगलाचा मालक सरकार झाल्यावर भाव ठरवणारे दुसरेच आले.

होनाजी केंगले यांच्याबद्दल एक गोष्ट प्रश्नकर्त्यांनी अवश्य मांडावी. ते आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचे. १८७३ पासून त्यांनी सावकारांवर हल्ले सुरू केले. सावकारांची नाके कापली गेली, अनेक सावकार गावे सोडून पळाले, सरकारने बक्षिसे लावली आणि मेजर डॅनियल याने त्यांना ऑगस्ट १८७६ मध्ये पकडले. याच सुमारास, १२ मे १८७५ रोजी, आपल्याच जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या रोख्यांची होळी केली. त्या घटनेची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला गेला, अहवाल निघाला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि शाळेच्या पुस्तकात तिला 'दख्खनचे दंगे' म्हणून जागा मिळाली. जांभोरीच्या माणसाने त्याआधी दोन वर्षे त्याच अन्यायाविरुद्ध जे केले, त्याची नोंद मात्र पोलिसी कारवाई म्हणून राहिली. एकाच जिल्ह्यातील, एकाच दशकातील आणि एकाच कारणाच्या या दोन घटना आहेत. त्या शेजारी-शेजारी मांडा. नाके कापली हेही लपवू नका. आमच्या माणसांना देव्हाऱ्यात बसवलेले आम्हाला नको, ती का उठली हे नीट सांगितलेले हवे.

मुठाकाठ – पुढील विचारणा

सर्वांचे मनापासून आभार. राबाचे वर्णन तर जसेच्या तसे फलकावर घ्यावे असे वाटते; घोडखोरे यांची परवानगी असेल तर घेऊ. आणखी दोन गोष्टी विचारतो. १८७८ च्या कायद्याला शस्त्राशिवाय जो विरोध झाला, त्याचे काय पुरावे मिळतात? आणि कातकरी, ठाकर, वारली या समाजांची बाजू या कथेत कशी आणावी? आतापर्यंतच्या चर्चेत महादेव कोळी आणि भिल्ल हेच अधिक आले आहेत.

दप्तरवाचक – उत्तर

शस्त्राशिवाय झालेल्या विरोधाचे पुरावे भरपूर आहेत. तो विरोध कंटाळवाण्या कागदांत दडलेला असल्यामुळे त्यावर पोवाडे झाले नाहीत, इतकेच.

१८७८ चा कायदा होण्यापूर्वीच त्याच्या विधेयकाला पुण्याच्या सार्वजनिक सभेने विरोध नोंदवला होता. लोकांचे परंपरागत हक्क काढून घेण्यापेक्षा ग्रामस्थांना विश्वासात घेऊन, त्यांनी राखलेल्या झाडीचा मोबदला त्यांना देऊन जंगल अधिक चांगले राखता येईल, असा त्या निवेदनाचा रोख होता. मद्रास सरकारनेही गावांचे हक्क डावलण्यास हरकत घेतली होती. तरीही जंगल ही मुळात सरकारचीच मालमत्ता असून लोकांना मिळते ती केवळ सवलत, या वनखात्यातील अधिकारी बेडन-पॉवेल यांच्या मताचा विजय झाला. इथेच मला मोठा बदल दिसतो. १८१८ नंतर सरकारने माणसांचे अधिकार काढले होते. १८७८ मध्ये जमिनीवरील, झाडावरील आणि गवतावरील त्यांचा हक्कच मुळात नव्हता, असे कागदावर ठरवले. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते, हे त्यामागचे तातडीचे कारण आहेच.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी टहाळ तोडण्यावर बंधने येताच अर्जांचा आणि तक्रारींचा इतका भडिमार झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. घोडखोरे यांनी लिहिलेला राब हा त्या आयोगासमोरचा एक मुख्य वाद होता: वनखात्याचे म्हणणे की फांद्या छाटून जंगल मरते, आणि शेतकऱ्यांचे म्हणणे की फांद्या नसतील तर भात मरतो. या आयोगाचा अहवाल म्हणजे वनकायद्याविरुद्धच्या लोकांच्या तक्रारींचा साठा आहे आणि आपल्या प्रदर्शनासाठी तो कोणत्याही पोलिसी अहवालापेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

कातकरी समाजाची कथा मात्र वेगळी सांगावी लागते. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. खैर राखीव झाडांत गेला, तसा तो धंदा हातचा गेला. डोंगरउतारावर ते आणि ठाकर जी दळी शेती करत, ती नेमून दिलेल्या तुकड्यांपुरती आक्रसली. मोहाच्या फुलांवर १८९२ चा स्वतंत्र कायदा आला. दारूवरील अबकारी उत्पन्न बुडू नये म्हणून फुले वेचण्यावर आणि साठवण्यावरच निर्बंध घातले गेले. मोहाची फुले भुकेच्या महिन्यांत खाण्याच्या कामी येत, याचा विचार त्या कायद्याने केला नाही. नाईकी गेल्याचे दुःख महादेव कोळी घराण्यांना होते; कातकऱ्यांकडे नाईकी नव्हतीच, त्यांचे जे होते ते सारे जंगलात होते. म्हणून १८७८ चा घाव त्यांच्यावर सर्वांत खोल बसला, आणि त्यांच्याकडे बंदुका, किल्ले किंवा वतनाचे कागद नसल्यामुळे तो नोंदला गेला सर्वांत कमी.

१९३० मध्ये हे सारे पुन्हा वर आले. जुलै महिन्यात पुसद येथे बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह सुरू केला आणि २५ सप्टेंबर रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला. त्या सत्याग्रहात आगरी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. काँग्रेसने जंगल सत्याग्रहाचा कार्यक्रम दिला हे खरे, पण कोयती घेऊन डोंगरात जाणाऱ्यांना गवत का कापायचे हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

तापीपार यांच्या आक्षेपाविषयी: गिब्सन यांची १८४७ ची नेमणूक हा महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तो फलकावर यावा. तरीही अकोले किंवा जुन्नर भागाच्या डोंगरातील माणसाला त्या नेमणुकीची झळ १८४८ पूर्वी लागली होती, असे दाखवणारा कागद समोर येईपर्यंत मी राघोजींच्या कारणांत तिला धरणार नाही.

एक कटू वाटेल अशी बाबही सांगतो. १८५७ मध्ये इंग्रजांनी कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली महादेव कोळ्यांची पलटण उभी केली आणि ती भागोजी नाईक यांच्या भिल्लांविरुद्ध वापरली. १८६१ मध्ये ती मोडली आणि त्या शिपायांना पुन्हा डोंगरात पाठवले गेले. ज्यांची नाईकी तीस-चाळीस वर्षांपूर्वी काढून घेतली होती, त्यांना तात्पुरता हुद्दा देऊन शेजारच्या आदिवासींशी लढवायचे आणि गरज संपताच घरी बसवायचे, हेही त्या राजवटीचे एक तंत्र होते. हा फलक वगळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तापीपार – उत्तर

कागद दाखवण्याची अट रास्त आहे, मात्र ती लावताना एक गोष्ट विसरू नये. या उठावांचे बहुतेक कागद त्यांना पकडायला निघालेल्यांनी लिहिले आहेत. टोळी कुठून कुठे गेली, कोणी फितूर झाले, बक्षीस किती लावले, हे त्यांत बारकाईने आढळते. त्या खोऱ्यात त्या वर्षी गुरे कुठे चरत होती, हे विचारायला कोणी अधिकारी थांबला नव्हता. म्हणून कागदात नाही म्हणजे घडले नाही, असे या विषयात धरता येत नाही. खोऱ्यातील गाणी, वंशावळी, गावदेवाच्या जागा, झाडांची नावे यांची नोंदही पुरावा म्हणून घेतली पाहिजे, अर्थात तिचीही तितकीच चिकित्सा करून.

देशाच्या इतर भागांशी तुलना करायची असेल, तर ती एका फलकापुरती ठेवावी असे सुचवतो. संथाळांचा १८५५ चा हूल (उठाव) हा मुख्यतः सावकार आणि जमीनदार यांच्याविरुद्ध होता, म्हणजे तो राघोजींच्या जवळचा. बस्तरचा १९१० चा भूमकाल हा उठाव जंगल मोठ्या प्रमाणावर राखीव करण्याच्या निर्णयाशी थेट जोडलेला होता. आंध्रातील गुडेम-रंपा भागात अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली १९२२ ते १९२४ पर्यंत झालेल्या लढ्यामागेही वनकायद्यांची जाचक अंमलबजावणी होती. म्हणजे वनकायद्यापूर्वीचे आणि नंतरचे असा फरक देशभर दिसतो, आणि दप्तरवाचक यांचे म्हणणे तिथे बऱ्याच अंशी टिकते, हे मी मान्य करतो.

घोडखोरे – उत्तर

राबाचे वर्णन खुशाल वापरा. फक्त त्यासोबत चित्र लावाल ते आमच्याच डोंगरातील असावे. कुठल्याही जळत्या जंगलाचे छायाचित्र लावले, तर पाहणारे नेमका उलटा अर्थ घेतील आणि आदिवासी जंगल जाळतात हा वनखात्याचा जुनाच आरोप आपण पुढे चालवू.

कागदपत्रांसाठी पुण्यातील पुराभिलेखागारात १८१८ पूर्वीच्या किल्ल्यांच्या नेमणुका पाहता येतील. इंग्रजी महसूल आणि न्याय खात्यांची दप्तरे मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. क्वीन्स गार्डनमधील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालयही विद्यार्थ्यांना आधी दाखवा, म्हणजे अवजारे, भांडी आणि धान्याच्या कणग्या पाहून त्यांना फलकावरचा मजकूर कळेल.

आणि मंडळी, फलकांचा क्रम १९३० वर थांबवू नका. १९२७ चा भारतीय वनकायदा १८७८ च्याच चौकटीवर उभा आहे आणि तो स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले, आणि त्यानंतर गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तुम्ही जांभोरी किंवा आहुपे भागातील एखाद्या ग्रामसभेला प्रदर्शनाच्या आधी भेट द्या आणि सामूहिक हक्काचा दावा करताना वहिवाटीचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे कोणते कागद मागितले जातात, ते विचारा. राबाची जागा, गुरांची वाट, हिरड्याची झाडे, देवराई, हे सारे त्यांना पुन्हा नकाशावर दाखवावे लागते. तो नकाशा ग्रामसभेने दिला, तर शेवटच्या फलकावर तोच लावा. भेटीचे ठरवाल तेव्हा इथेच कळवा. आवणीच्या दिवसांत येऊ नका, त्या काळात कोणालाही बोलायला सवड नसते.